बिनशिदोरीचं बी

अण्णासाहेब मोठ्या माणसांशी वेळप्रसंगी खोटं बोलत. सोसायटीच्या सेक्रेटरीला ‘मीटिंगला येतो’ म्हणून सांगत आणि घरी उशीला टेकून वाचत पडत. डॉक्टरांना ‘गोड कधीच बंद केलंय’ असं छातीठोकपणे सांगत, तेव्हा मिशीला बर्फीचा चुरा लागलेला असे. पण मुलांच्या प्रश्नाला त्यांनी आयुष्यात कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं. शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हाही नाही, आणि निवृत्तीनंतर दिल्लीत द्वारकेतल्या सोसायटीच्या जिन्याखाली दर रविवारी मुलांचा घोळका घेऊन बसू लागले तेव्हाही नाही. येत असेल तर सांगायचे. येत नसेल तर म्हणायचे, "माहीत नाही. शोधू." मुलांच्या तोंडी हे ‘शोधू’ इतकं बसलं होतं, की लिफ्ट मध्येच अडकली तरी आतून पोरं ओरडत, "शोधू!"

या मे महिन्यात मात्र अण्णासाहेबांचं सगळं लक्ष एका दांडीवर होतं. त्यांच्या मुलाच्या, यतीनच्या खोलीत, खिडकीपाशी, काचेच्या पेल्याएवढ्या कुंडीत एक ऑर्किड होतं. चार जाड पानं, पानांमधून निघालेली हिरवी, वाकलेली दांडी आणि दांडीवर ओळीने पाच कळ्या. सगळ्यात खालची सुपारीएवढी झालेली. दोन आठवड्यांत ती उमलणार, असा अण्णासाहेबांचा अंदाज होता. आणि दोन आठवड्यांनी त्यांची नात कृतिका आईबरोबर नेदरलँड्सला जाणार होती.

ही कळी तिच्या जाण्याआधी उमलायलाच हवी होती. का, ते सांगायचं तर लॉकडाऊनपर्यंत मागे जावं लागेल.

तेव्हा घरात पाच माणसं होती. अण्णासाहेब, चंद्रप्रभाबाई, त्यांचा एकुलता एक यतीन, सून चेतना आणि सहा वर्षांची कृतिका. यतीनचं ऑफिस गुडगावला; ते बंद पडल्यावर हा पठ्ठ्या दिवसभर घरी. त्याच्याकडे ऑर्किडची दोन झाडं होती. एक पांढरं, लग्नाच्या वाढदिवसाला कोणीतरी दिलेलं. दुसरं गाझीपूरच्या फूलबाजारातून उचलून आणलेलं, पिवळं, अंगभर लाल ठिपके. दोन्ही फॅलेनॉप्सिस जातीची. दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाने पंख पसरावेत तशी फुलं.

एका सकाळी यतीन दातकोरणं घेऊन बसला. पिवळ्या फुलाच्या नाकावरची इवलीशी टोपी त्याने अलगद उचलली. खाली दोन पिवळे दाणे होते, मोहरीपेक्षा लहान. ते दातकोरण्याच्या टोकाला चिकटले.

"श्वास रोख," त्याने कृतिकाला सांगितलं. "आता हे नवरदेव निघाले."

पांढऱ्या फुलाच्या मधल्या खळग्यात त्याने ते दाणे टेकवले. कृतिकाने श्वास इतका रोखला की लाल झाली. दोन दिवसांत पांढरं फूल मलूल होऊन मिटलं, आणि पोरीने घर डोक्यावर घेतलं.

"बाबा, तू मारलंस तिला!"

"अगं मारलं नाही, वेडे. तिला आता दुसरं काम लागलंय. बघ, देठ जाड व्हायला लागेल. त्यात बी धरेल. त्यातून येईल ते झाड या दोघांपेक्षा वेगळं असेल. जगात कुणाकडेच नसेल, असं."

"कुठल्या कलरचं?"

यतीनने बापाकडे बघितलं. बापलेक एकदमच म्हणाले, "माहीत नाही. शोधू."

"मग नाव मी ठेवणार."

"तूच ठेव. पण एक नियम आहे. फूल उमलून डोळ्यांनी बघितल्याशिवाय नव्या जातीला नाव देत नाहीत. बाळ झाल्यावर बारसं करतात ना? आधी करतात का?"

"पण मनात ठरवलं तर चालेल?"

"मनात ठरव. सांगायचं नाही. मलासुद्धा नाही."

शेंग हिवाळ्यापर्यंत बोटाएवढी झाली. ती पिकल्यावर यतीनने उल्काकडे दिली. ही त्याची शाळेपासूनची मैत्रीण, रोपं वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी. त्या रविवारी अण्णासाहेबांनी मुलांना ऑर्किडच्या बियांचा धडा दिला. म्हणाले, "हरभरा घ्या, ज्वारी घ्या. दाण्यात अंकुर असतो आणि त्याच्या शेजारी आईने बांधून दिलेली शिदोरी असते. मूळ धरेपर्यंत पोर त्यावर जगतं. ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ. एका शेंगेत लाखो. पण शिदोरी एकीलाही नाही. रानात एखादी बुरशी त्यांना भरवते. इथे उल्कामावशी बाटलीत साखरेची खीर करून भरवणार."

"शिदोरी म्हणजे?" एका मुलाने विचारलं.

"टिफिन रे," कृतिका म्हणाली. तेवढं तिला येत होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. ताप घरातल्या पाचही जणांना आला. उठले चौघं.

अण्णासाहेबांना वास येणं बंद झालं ते परत सुरू झालं नाही. फोडणी, अगरबत्ती, भिजलेली माती, काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. अण्णासाहेब कधी त्याचा पाठपुरावा करायला गेले नाहीत. जे गेलं होतं त्यापुढे वासाचं काय घेऊन बसायचं?

उल्का दोन बाटल्या घेऊन आली तेव्हा यतीनला जाऊन बरेच महिने झाले होते. बाटलीत तळाला हिरव्या रवाळ चुऱ्यासारखं काहीतरी होतं. तिने त्या टेबलावर ठेवल्या आणि रडायलाच लागली. "अण्णा, यतीनची रोपं," एवढंच म्हणाली. ती रोपं अण्णासाहेबांनी वाढवली. बाटलीतून काढून शेवाळात लावली, मग सालीच्या तुकड्यांत. दिल्लीतल्या लूच्या झळा, जानेवारीतली थंडी, एका वर्षी अण्णासाहेब आजारी असताना शेजाऱ्यांनी पाण्याचा केलेला भडिमार, असं करता करता दरवर्षी काही गेली. शेवटी राहिलं ते हे एक.

चेतना मधल्या काळात कृतिकाला घेऊन माहेरी गाझियाबादला राहायला गेली होती. ऑफिस तिकडून जवळ. त्यात कुणाचा राग नव्हता. मेट्रोची निळी लाइन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते, त्या लाइनीवर माय-लेकी शनिवारी येत आणि रविवारचा वर्ग आटोपून जात. मग चेतनाला परदेशी नोकरी मिळाली. ती सांगायला आली तेव्हा अण्णासाहेबच म्हणाले, "जा बेटा. बिल्कुल जा." चंद्रप्रभाबाई आत जाऊन कणीक मळत बसल्या, लागणार होती त्याच्या दुप्पट.

झाडाला दांडी फुटली तीही त्याच महिन्यात, फेब्रुवारीत.

कृतिकाने आल्या आल्या शोधपथकासारखं झाड तपासलं. "आजोबा, हे झाड घेऊन जाता येईल का?"

"विमानात झाडं नेऊ देत नाहीत अशी. कागदपत्रं लागतात."

"मग मी जायच्या आधी उमलेल?"

"हिशोबाने उमलावं."

"हिशोबाने म्हणजे पक्कं की शोधू?"

"शोधू," अण्णासाहेब म्हणाले.

मे उजाडला आणि पारा पंचेचाळिसाला टेकला. बाल्कनीत हात लावला तर कठडा भाजत होता. झाडाला यतीनच्या खोलीत आणलं, एसी सव्वीसवर लावला, दार लावून घेतलं. ती खोली एरवी बंदच असे. आता अण्णासाहेब दिवसातून चारदा आत जात. चंद्रप्रभाबाईही जाऊ लागल्या. ते फिरायला गेले, खाली वर्गाला गेले, की त्या खोलीत असत. परत आल्यावर दाराशी गाठ पडे, तेव्हा त्या घाईघाईने पदराला हात पुसत.

"काय करत होतीस गं?"

"काही नाही. बसले होते जरा."

अण्णासाहेबांना भरून आलं. चार वर्षांत बाईने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. आता तीही त्या कळीची वाट बघते आहे, असं त्यांनी धरलं, आणि जास्त विचारलं नाही.

मग एका सकाळी खालची कळी पिवळसर दिसली. पडद्याचा उजेड असेल, असं वाटून त्यांनी पडदा सारला. पिवळीच होती. बोट लावलं तर ती त्यांच्या तळहातावर आली, पिकलं बोर यावं तशी.

अण्णासाहेब मास्तर माणूस. घाबरले तरी रीत सोडली नाही. मुळं बघितली, हिरवी टणक होती. पानं उलटून भिंगाने कीड शोधली, नव्हती. एसीचा झोत थेट लागतो का म्हणून मेणबत्ती धरून पाहिली, ज्योत सरळ होती. पाणी बरोबर, उजेड बरोबर. उल्काला फोन केला. तीही म्हणाली, "अण्णा, सगळं ठीक वाटतंय हो. काहीतरी बदललंय का खोलीत?"

"काही नाही. मी आणि ही, दोघंच जातो."

दुसऱ्या दिवशी आणखी दोन गळल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या. अण्णासाहेबांनी पाचही एका बशीत ठेवल्या आणि बशी कुंडीशेजारी.

"का हो असं?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "माझी नजर लागली का? मी रोज जाऊन बसत होते."

"नजरेने कळ्या गळत नाहीत. कारण असतं. शोधून काढतो."

"नक्की काढा. मला सांगा पण. पुढच्या वेळी तसं होऊ द्यायचं नाही."

"सांगतो."

निरोपाचं जेवण शुक्रवारचं होतं. विमान शनिवारी सकाळी. चेतना आणि कृतिका सामानासकट आल्या. कृतिका चपलाही न काढता यतीनच्या खोलीकडे धावली. अण्णासाहेबांनी फोनवर काही सांगितलं नव्हतं. चार वेळा फोन उचलला होता आणि चार वेळा ठेवला होता. ते तिच्या मागोमाग गेले.

ती उघड्या बोडक्या दांडीसमोर उभी होती. मग बशीकडे बघितलं. रडली नाही. तिने नाक वर करून दोनदा हुंगलं.

"आजोबा, इथे आंब्याचा वास येतोय."

"इथे?"

"किती जोरात येतोय! तुम्हाला नाही येत?" मग तिला आठवलं आणि ती ओशाळली. "सॉरी."

ती गुडघ्यांवर बसली, पलंगाची चादर वर केली आणि आतून एक लाकडी पेटी ओढून काढली. वर पेंढा होता. तो बाजूला केला. खाली हापूस, एकाशेजारी एक निजवलेले, केशरी पिवळे, देठाशी जराशी सुरकुती पडलेले. नीट लावलेली आढी होती.

अण्णासाहेबांना सगळं एका क्षणात उलगडलं. दरवर्षी चंद्रप्रभाबाईंचा भाऊ शशिकांत देवगडहून पेटी पाठवी. दिल्लीत दशहरी, लंगडा ढिगाने मिळे. पण बाईंच्या लेखी ते आंबे नव्हेत, नुसती फळं. पेटी आली की मधुमेही नवऱ्यापासून त्या लपवून ठेवत. यंदा स्वयंपाकघर भट्टीसारखं तापलेलं. घरात कोकणासारखी हवा एकाच खोलीत होती.

गेल्या वर्षी रविवारच्या वर्गात त्यांनी मुलांकडून एक प्रयोग करून घेतला होता. कच्चे चिकू एका डब्यात, तसेच चिकू पिकल्या केळ्याबरोबर दुसऱ्या डब्यात. पिकणारं फळ एक वायू सोडतं, तो दिसत नाही. त्याने शेजारचं फळ पिकतं, आणि फुलं, कळ्या असतील तर त्या लौकर म्हाताऱ्या होऊन गळतात. "म्हणून माझ्या ऑर्किडजवळ कुणी केळं खायचं नाही," असं ते म्हणाले होते आणि मुलं खिदळली होती. पहिल्या रांगेत कृतिका होती. जगभरच्या मुलांना सांगून झालं होतं. घरात बायकोला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

कृतिकाने आंब्यांकडे बघितलं. दांडीकडे बघितलं. मग आजोबांकडे. तिचे ओठ उघडले होते.

"अगं बाई! पकडली चोरी!" चंद्रप्रभाबाई दारात येऊन उभ्या होत्या, हातात झारा, चेहरा उजळलेला. "सरप्राइज होतं ना गं माझं! म्हटलं, तिकडे कुठला मिळणार हापूस, माझ्या सोनीला जाताना पोटभर आमरस घालायचा. इथे काय सुरेख पिकलेत बघ. रोज येऊन उलटेपालटे करत होते, यांना पत्ता लागू न देता." मग त्यांची नजर बशीवर गेली आणि हसू विझलं. "एवढं एक फूल तेवढं... अहो, सापडलं का हो कारण? तुम्ही म्हणाला होतात शोधून सांगतो."

कृतिका आजोबांकडे बघत होती, वर्गात बघे तशी, उत्तराची वाट बघत.

"ऊन," अण्णासाहेब म्हणाले. "यंदा ऊनच फार आहे, प्रभा. बाहेरून आत आणलं तोवर झाडाला बसायचा तो फटका बसला होता."

बाईंनी नातीकडे बघितलं. "हो का गं?"

कृतिका म्हणाली, "हो आजी. आणि एसी. एकदम गरममधून एकदम ठंडा, प्लांट्सना शॉक बसतो. यूट्यूबवर असतं."

"बघा, म्हणजे कुणाचा दोष नाही," चंद्रप्रभाबाई सुस्कारा सोडून म्हणाल्या. "चल, उचल ती पेटी. जड आहे, सांभाळून."

जेवायला आमरस-पुरी होती. चेतनाने एक वाटी घेतली आणि ती बाहेर बघत बसली. कृतिकाने तीन वाट्या घेतल्या. दर वाटीला आजीकडे बघून म्हणायची, "एकदम मस्त, आजी." चंद्रप्रभाबाई स्वतः काही न खाता तिच्याकडे बघत होत्या. अण्णासाहेबांनाही आज वाटी मिळाली, डॉक्टरांना न विचारता. वास नव्हता, म्हणून चवही अर्धीच. नुसतं गोड लागलं.

जेवणानंतर आजोबा आणि नात पुन्हा त्या खोलीत गेले. कृतिकाने सगळ्यात मोठी कळी उचलली. "उघडायची? कलर तरी बघू."

अण्णासाहेबांनी टाचणी आणि भिंग आणलं. कळीची बाहेरची पाकळी त्यांनी हळूच सोडवली, मग दुसरी. आत सगळं चुरगळलेलं, ओल्या कागदासारखं, तपकिरी पडलेलं. अगदी मध्ये एका कोपऱ्यात लालसर काहीतरी होतं. ठिपका असेल, किंवा नुसता कुजल्याचा डाग.

"बाबांनी हात लावलेल्यातलं हे लास्ट ना?"

"हो."

"हा लाल होता का?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"माहीत नाही, बाळ."

"शोधू" ते म्हणाले नाहीत. तिने ते ऐकायची वाट बघितली, मग भिंग खाली ठेवलं.

"आजोबा, तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"मी पण."

"हो."

"आपल्या वर्गात हे चालतं?"

"नाही चालत."

"मग?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा पोरीचा बांध फुटला. तोंड त्यांच्या सदऱ्यात खुपसून, स्वयंपाकघरात आवाज जाऊ नये अशी ती रडली. ते थोपटत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "नाव ठरवलं होतंस?"

तिने मान हलवली. कधीचंच.

"मला सांगशील?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. सांगायचं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, ते त्यांना दिसत होतं. मग तिने नाक पुसलं. "फूल बघितल्याशिवाय नाही. बाबांचा नियम आहे."

शनिवारी टॅक्सी सकाळीच आली. चंद्रप्रभाबाईंनी मेतकूट दिलं, लोणचं दिलं, तूप घालून भाजलेल्या पिठाचे लाडू दिले. चेतना म्हणाली, "आई, वजन जास्त होतंय," आणि मग एकेक डबा मुकाट्याने बॅगेत बसवला. वाकून नमस्कार केला. "अण्णा, सांभाळा," एवढंच तिला बोलता आलं. कृतिका खिडकीतून वळून बघत राहिली, टॅक्सी गेटबाहेर वळेपर्यंत.

विमानतळ जवळ असल्यामुळे घरावरून दर थोड्या वेळाने विमान जाई. एरवी कुणी मान वर करत नसे. त्या सकाळी दोघं बाल्कनीत उभी राहिली. तिचं कुठलं, ते कळायचा मार्ग नव्हता. म्हणून सगळ्यांकडेच बघितलं. ऊन चढल्यावर आत आली.

दुपारी चंद्रप्रभाबाईंनी पलंगाखालचा पेंढा गोळा केला. बशी ओट्याशी नेऊन धुतली. धुता धुता म्हणाल्या, "आंबे मात्र कधी नव्हे इतके सुंदर पिकले हो. एकही डागाळला नाही. पुढच्या वर्षी पण पेटी त्याच खोलीत ठेवणार बाई मी."

पुढच्या मेमध्ये ते आंबे कुणासाठी पिकवायचे, हे त्यांनी म्हटलं नाही आणि अण्णासाहेबांनी विचारलं नाही.

"ठेव ना," ते म्हणाले.

मग ते यतीनच्या खोलीत गेले. कुंडी दोन्ही हातांनी उचलली, दांडीला धक्का लागू न देता बैठकीच्या खोलीत आणली आणि टेबलावर ठेवली.

"ते कशाला बाहेर काढलंत?" आतून आवाज आला. "तिथे गारव्याला होतं की."

"इथे उजेड बरा आहे," अण्णासाहेब म्हणाले.